नळीतलं आभाळ

माझ्या उजव्या हाताची करंगळी नीट मिटत नाही. सातवीत असताना खोबरं खवताना हात विळीच्या पात्यावर घसरला आणि तेव्हापासून मी पेन धरू दे, कपबशी धरू दे, ती एकटी वर उभी राहते. लग्न होऊन सिंधुदुर्गात आले, तेव्हा आमच्या कातळवणे गावच्या बायका म्हणायच्या, धुऱ्यांची सून चहासुद्धा मडमेसारखा पिते. चौतीस वर्षांची होईपर्यंत त्या करंगळीने मला एवढाच काय तो त्रास दिला.

मग एका मंगळवारी, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, संगणकाच्या पडद्यावर मला तीच करंगळी नऊ पुरुषांच्या हातांवर दिसली.

ठाण्याच्या आवारातल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं ते. रांगेत बावीस माणसं, प्रत्येकाच्या हातात बंदूक. त्यातले नऊ जण नंबर येईपर्यंत उभ्याउभ्या दीड सेकंदात बंदूक उघडत होते, दीड सेकंदात मिटत होते, आणि नऊच्या नऊ जणांची करंगळी वर. माणसं वेगळी, उंच, बुटकी, एक तर सत्तरीचा. हात मात्र एकच. निरीक्षकबाईंना ते कळलं होतं, कारण त्यांनी चित्रण तीनदा मागे नेलं.

"धुरी, तुमच्याकडे शिकलेल्या सगळ्यांचीच ही सवय दिसते," त्या म्हणाल्या. "हे तुम्हीच शिकवलंत?"

माझे सासरे जयवंत धुरी खुर्चीत बसले होते. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. डाव्या डोळ्याने ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. मी त्यांची पाण्याची बाटली धरून उभी होते.

"होय," ते म्हणाले. "मीच शिकवलंय."

मी बाटलीचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. त्या खोलीत मी केलेली गोष्ट म्हणाल तर तेवढीच.

*

मामा, म्हणजे माझे सासरे, पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराचे हवालदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बंदुकीचा वर्ग काढला. आमच्याकडे शेतीरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो. रानडुकरं एका फेरीत सुरणाचा अख्खा वाफा उकरतात, आणि माकडांना शहाळं कधी तयार झालं ते आपल्याआधी कळतं. नवा नियम आला की परवान्याआधी मान्यताप्राप्त शिक्षकाकडे अठरा दिवस शिकून दाखला आणायचा. तालुक्यात असा शिक्षक एकच, मामा.

वर्ग भरायचा वापरात नसलेल्या चिरेखाणीत. तिन्ही बाजूंना उभा तांबडा कातळ, बसायला चिरे. पहिले अकरा दिवस काडतूस दिसायचंसुद्धा नाही. एकनळी बंदूक बिजागरीवर मधोमध उघडते आणि नळीच्या मागच्या तोंडात काडतूस बसतं. मामांचा पहिला आणि शेवटचा धडा एवढाच होता: बंदूक हातात आली की उघडायची, नळी आकाशाकडे करायची, मागून डोळा लावायचा. नळी रिकामी असेल तर पलीकडे पैशाएवढं गोल आभाळ दिसतं. मग ती शेजारच्याला दाखवायची. दोघांनी मोठ्याने म्हणायचं, "आभाळ दिसता." दुसऱ्याने बघितल्याशिवाय बंदूक रिकामी धरायची नाही.

न बघता कोणी मिटली तर मामा ओरडत नसत. हातातून बंदूक काढून घेत आणि म्हणत, "उद्या ये." तो दिवस मोजला जात नसे. मला स्वतःला अठरा दिवसांऐवजी सव्वीस लागले. माझा नवरा विनय बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात मी आणि मामा. त्यांनी मला शिकवलं आणि पुढे मदतनीस म्हणून नेमलं. माझा हात त्यांच्यापेक्षा चांगला बसला, हे ते स्वतः लोकांना सांगत. मला ते ऐकायला फार आवडायचं.

लोक पहिल्यापासून कुरकुरत होतेच. अकरा दिवस नुसतं आभाळ बघायचं? इंटरनेटवर व्हिडिओ बघून माणूस एका दुपारी शिकतो. मामा म्हणत, "व्हिडिओ बघूक शिकवता. तो तुका बघणा नाय."

मग 'हातपाठ' आलं.

*

ज्यांनी ते वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बोट हलवायचं तर मेंदूकडून स्नायूला जो हुकूम जातो, तो विजेचा असतो. अगदी क्षीण, पण कातडीवर बारीक पट्ट्या लावल्या तर टिपता येतो. जाणकार माणसाने पातळ कापडाची बाही घालून काम केलं की त्याच्या हाताचे सगळे हुकूम त्यांच्या क्रमासह नोंदले जातात. शिकणाऱ्याने तशीच बाही घातली की तेच ठोके उलट दिशेने त्याच्या स्नायूंना मिळतात. समोर व्हिडिओ चालतो आणि आपला हात आपोआप त्याच्यासारखा चालू लागतो. तीसेक वेळा केलं की लहान मेंदू ती साखळी पाठ करून टाकतो. बाही काढली तरी हात विसरत नाही. पाढे तोंडपाठ व्हावेत तसं काम हातपाठ होतं. माझ्या जावेने त्यावर आठवड्यात मोदकाच्या कळ्या पाडायला शिकून घेतलं, आणि त्या माझ्या कळ्यांपेक्षा सुबक होत्या.

एक दिवस 'हातपाठ'वाल्यांकडून मला विचारणा झाली. मराठीत बंदूक हाताळणीचा पाठ हवा होता. मामांना विचारायचं सोडून मी हो म्हटलं. पैसे जेमतेमच होते, पैशांसाठी केलं असतं तर निदान सांगायला सोपं गेलं असतं. मला लोकांनी बघायला हवं होतं. धुरी हवालदारांची सून म्हणून मला सगळे ओळखत, शर्मिला म्हणून कोणी नाही.

मामा गावच्या बैठकीला गेले त्या दुपारी मी चिरेखाणीत बाही घालून नोंद केली. अगदी शिकवल्याप्रमाणे केली. उघडली, आकाशाकडे धरली, डोळा लावला, "आभाळ दिसता" म्हटलं, मिटली, खांद्याला लावली, चाप ओढला. चार दिवसांनी निरोप आला: 'तुमच्या पाठातला अकरा सेकंदांचा निष्क्रिय भाग यंत्राने वगळला आहे. मंजूर?'

यंत्राचा काही दोष नव्हता. स्नायूंचे हुकूम थांबले की तो वेळ वाया गेलेला समजायचा, असं त्याला शिकवलेलं. नळीला डोळा लावून माणूस स्थिर उभा राहतो. हात काहीच करत नाही, डोळा करतो, आणि डोळ्याला बाही नव्हती. त्यामुळे उघडणं राहिलं, मिटणं राहिलं, मधलं बघणं गेलं. व्हिडिओतूनही तेवढा तुकडा कापला होता.

मी बाही चढवून तो कापलेला पाठ स्वतःवर चालवून पाहिला. एकदा नाही, तीस वेळा. हात असा लोण्यासारखा फिरत होता की थांबवेना. काय गेलंय ते मला पहिल्या वेळीच कळलं होतं. हे मी आता खोटं सांगणार नाही. मला कळलं होतं, आणि मी मनाशी म्हटलं की ज्याला बघायचंय तो बघेलच. मग 'मंजूर'वर बोट ठेवलं.

दोन महिन्यांत चाळीस हजार लोकांनी माझा हात घातला. विनयचा बोटीवरून फोन आला, तिथल्या खलाशाने त्याला पाठ दाखवला होता. "बाबांना सांगितलंस ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगते.

*

त्याच सुमाराला मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी सुहास तेली दाखल झाला. आमच्याच वाडीतला, वीज मंडळात वायरमन, चाळिशीचा, बायकोने हौसेने लावलेल्या केळी डुकरांनी आडव्या केल्या होत्या. त्याने माझ्या हातातून बंदूक घेतली आणि उघडून मिटली. करंगळी वर.

मला हसू आलं. गोड वाटलं, हे खरं.

"वहिनी, तुमचोच पाठ केलंय," तो म्हणाला. "आता अठरा दिवस कसो येव? लाइनीवर माणसा नाय. तुम्ही हजेरी लावा, माका सगळा येता."

"सुहास, बघायचं राहिलं," मी म्हटलं.

"बघतंय मा," म्हणत त्याने पुन्हा उघडली, आणि वाकून नळीत पाहिलं. मी आठवण केली म्हणून पाहिलं.

मी हजेरी लावली. सुहासची, आणि मग त्याच्यासारख्या आणखी आठ जणांची. अठरा रकाने, नऊ माणसं, सगळे 'हजर' माझ्या अक्षरात. मामा अजून वाकून चालत होते. त्यांनी पलंगावर बसून वही चाळली, "इतके जण एकदम पास? तुझो हात चांगलो लागलो गो," म्हणाले, आणि दाखल्यांवर सह्या केल्या.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. निवडणूक आली की आमच्याकडच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या दिवशी मामा दरवेळी स्वतःहून जातात आणि टेबलाशेजारी उभे राहून एकेक नळी बघतात. त्यांना कोणी बोलावत नाही, कोणी अडवतही नाही.

सुहास आदल्या रात्री बंदूक घेऊन केळीत राखणीला बसला होता आणि सकाळी तसाच ठाण्यात आला. काडतूस आत आहे हे त्याच्या ध्यानातून गेलं होतं. त्याचा नंबर आला. त्याने बंदूक उघडली, मामा वाकले, आणि नेमकं तेव्हाच टेबलावरच्या शिपायाने विचारलं, "आधार कार्ड आणलंय का?" सुहासचं लक्ष खिशाकडे गेलं. हातपाठ झालेल्या कामाचं हेच असतं, आपलं लक्ष उडालं की ते थांबत नाही, उलट बिनबोभाट पुढे सरकतं. हाताने बंदूक मिटली, दस्ता खांद्याकडे निघाला, बोट चापावर गेलं आणि बार उडाला. नळीचं तोंड अजून जमिनीकडेच होतं, म्हणून मामा जिवंत आहेत. छर्रे सिमेंटवर आपटून उसळले. त्यातला एक त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

मी रांगेच्या टोकाला लोकांशी गप्पा मारत होते. कोणीतरी माझ्या पाठाचं कौतुक करत होतं.

*

डोळा वाचला नाही. चौकशी लागली. सुहासने जबाबात सांगितलं की तो अठरा दिवस वर्गाला होता. घाबरला होता, त्याला दोन मुली आहेत, आणि वही त्याच्या बाजूने बोलत होती. मग दोष कोणाकडे जातो? शिकवणाऱ्याकडे. चुकीचं शिकवून दाखले दिले, असं मामांवर आलं. गुन्हा दाखल करायचा का ते प्रांताधिकारी सुनावणीत ठरवणार होते. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार होत्या, कदाचित तुरुंगाच्याही, आणि चाळीस वर्षांत ज्या माणसाच्या शस्त्रागारात एक गोळी कमी भरली नाही, त्याचं नाव निष्काळजी म्हणून लागणार होतं.

सुनावणीला सोळा दिवस होते. सोळाही दिवस मी त्यांच्या डोळ्यात औषध घातलं, म्हणजे जिथे डोळा होता तिथे. ते मान मागे टाकून बसत. त्यांचा दुसरा डोळा माझ्याकडे बघत असे आणि मी बाटलीकडे. ते एका शब्दाने काही विचारत नव्हते. विचारतील म्हणून मी रोज उत्तरं तयार करायची, आणि जेवणं झाली की ती सगळी उत्तरं तशीच राहायची. पाठ मी काढून टाकायला लावला होता. त्याने काय होणार होतं? चाळीस हजार हातांतून तो कसा काढणार?

सोळाव्या दिवशी सकाळी मामा ओटीवर स्वतःची बंदूक घेऊन बसले. शिक्षकाची म्हणून ती निवडणुकीत जमा करावी लागली नव्हती, पण आता त्यांचा परवानाही स्थगित झाला होता; दुसऱ्या दिवशी सुनावणीतच ती सरकारजमा करायची होती.

"शर्मिला, जरा बघ गो," त्यांनी हाक मारली. "माका एका डोळ्यान बरोबर दिसणा नाय. रिकामी असा काय?"

मी बंदूक घेतली. उघडली.

आणि मिटली.

मी बघितलंच नव्हतं. मला बघायचं होतं, मी बघायलाच उठले होते, आणि तरी हात मिटून मोकळा झाला. करंगळी वर. मी पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. सव्वीस दिवस खर्चून मामांनी माझ्या हातात जे घातलं होतं, ते मी एका दुपारी तीस वेळा पुसून टाकलं होतं.

मामांनी बंदूक माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि स्वतःच उघडून नळी तपासली.

"ठाण्यात पडद्यावर बघलंय तेव्हाच समाजला माका," ते म्हणाले. "नऊ जणांक करंगळेची खोड मी खयसून लावतलंय?"

"मग तुम्ही हो का म्हणालात?" मी विचारलं.

"तुका शिकवलंय मी. तू त्यांका शिकवलंस. म्हणजे मीच शिकवलंय, नाय? आणि मी वाट बघी होतंय."

कशाची वाट, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. दिवसभर मला माझ्या हाताकडे बघवलं नाही, भात कालवतानाही नाही.

*

प्रांतांच्या कचेरीत टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, निरीक्षकबाई आणि लेखनिक. मागच्या बाकावर सुहास आणि त्याची बायको. मामांची बंदूक टेबलावर.

"धुरी, तुमची शिकवायची पद्धत नेमकी काय ती एकदा दाखवा," प्रांत म्हणाले. "चित्रणात दिसते तीच का?"

मामा उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला अकरा वर्षं झाली, सासऱ्यांच्या खांद्यावर मी कधी हात ठेवला नव्हता.

"मी दाखवते, साहेब," मी म्हटलं. "चित्रणातला हात माझा आहे."

मी बंदूक उचलली. उघडली, मिटली, दीड सेकंद. लेखनिकाने मान वर केली. निरीक्षकबाई माझ्या करंगळीकडे बघत होत्या.

"ही माझी पद्धत," मी म्हटलं. "आता मामांची दाखवते."

उघडली. हात मिटायला निघाला तसा मी डाव्या हाताचा अंगठा बिजागरीच्या फटीत घातला. लोखंड अंगठ्यावर बसलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण नळी उघडी राहिली. तशीच खिडकीशी गेले, नळी वर केली आणि मागून डोळा लावला. पाणी भरल्यामुळे आधी काहीच दिसेना. मी पापणी मिटून उघडली. गजांच्या पलीकडे गोल, पैशाएवढं, फिकट निळं.

"आभाळ दिसता," मी म्हटलं आणि नळी मामांकडे वळवली. ते खिडकीशी आले. डावा डोळा लावायची त्यांना अजून सवय नव्हती, मान वाकडी करून त्यांनी वेळ घेतला. तेवढ्या वेळात माझ्या अंगठ्यातून रक्त टाइल्सवर पडत होतं.

"आभाळ दिसता," मामा म्हणाले.

मग मी सांगितलं. पाठ कसा नोंदवला, काय कापलं गेलं, ते कापलेलं मला माहीत असताना मी मंजूर कसं म्हटलं. नऊ जणांची हजेरी मी घरात बसून कशी भरली. मामांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावरही त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी स्वतःही सोळा दिवस ते घेतलं नाही. बोलताना मी भिंतीकडे बघत होते. मागे सुहासची बायको रडायला लागली. मग सुहास उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी एकच दिवस गेललंय."

लेखनिकाने सगळं लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. करंगळी वर राहिली, तिला मी काय करणार?

गुन्हा माझ्यावर दाखल होईल, असं प्रांत म्हणाले. मामांना जायला सांगितलं. बंदूक मात्र जमा झाली, आणि वर्गाची मान्यता गेली ती गेलीच. त्यांच्या नावावर आता काही नव्हतं, डागही नाही.

बाहेर पायऱ्यांवर मामांनी खिशातला रुमाल काढून माझ्या अंगठ्याला बांधला. गाठ मारायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, एका डोळ्याने अंतर कळत नाही. मी म्हटलं, "मामा, बंदूक गेली. वर्ग गेला. माझा हात असाच राहणार."

"घराकडे लाकडी दस्तो असा," ते म्हणाले. "नळयेक पायप लावया."

ते पायरी चाचपत खाली उतरले. मी मागेच उभी राहिले. एका छपराखाली राहतो आम्ही, दोघांची ताटं मीच वाढते. तरी खालच्या पायरीवर थांबून ते माझ्याकडे न बघता, चिरेखाणीत म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "उद्या ये."